माणसे कळतात, मग मीच मला का कळत नाही?

तुमचे पत्र मिळाले. नाव छापू नये अशी विनंती आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील गाळून इतर वाचकांसाठी पत्रातला मुख्य भाग तेवढा आधी सांगते. तुमचे वय एक्केचाळीस. वीस माणसांच्या विभागाचे काम तुम्ही पाहता आणि ‘यांना माणूस बरोबर कळतो’ अशी तुमची कार्यालयात ख्याती आहे. कोण का चिडले, कोण कशामुळे गप्प आहे, कोणाचे कोणाशी जमणार नाही, हे तुम्हाला इतरांच्या आधी कळते, असे सहकारी म्हणतात आणि अडचण आली की तुमच्याकडे येतात. तुमच्या धाकट्या बहिणीने नोकरी सोडली तेव्हा मात्र ‘तिच्यात चिकाटी नाही’ असा ग्रह करून घेऊन तुम्ही तो घरात बोलूनही दाखवलात, आणि पुढे तिच्या मैत्रिणीकडून कळले की ती आठ महिने वरिष्ठांचे अपमान सोसत होती. तुम्ही तिच्यापाशी विषय काढलात तेव्हा ती म्हणाली, ‘ताई, तुला सगळ्या जगाचं कळतं. मला मात्र तू एकदाही विचारलं नाहीस.’ त्यानंतर तुम्हाला स्वतःविषयीही शंका येऊ लागली आहे. तीन वर्षांपूर्वी चालून आलेली बढती तुम्ही नाकारलीत. त्याचे खरे कारण काय, हे शोधण्यासाठी तुम्ही वर्षभर रोजनिशी लिहीत आहात आणि गोंधळ वाढतच चालला आहे. तुमचे प्रश्न तीन आहेत: दुसरी माणसे कळतात, मग मीच मला का कळत नाही? आधी स्वतःला ओळखावे आणि मगच दुसऱ्यांना, हे खरे का? आणि लोकांना सल्ला देणे आता थांबवावे का?

पहिल्या प्रश्नातले पहिलेच विधान मला मान्य नाही. तुम्हाला दुसरी माणसे स्वतःपेक्षा अधिक कळतात, याला तुमच्या पत्रात पुरावा नाही. दुसऱ्यांविषयी तुमच्या मनात शंका कमी आहे, एवढेच त्यातून दिसते. पत्रातल्या दोन वाक्यांखाली मी रेघ ओढली आहे. बहिणीविषयी तुम्ही लिहिता, ‘ती लहानपणापासून अशीच आहे, हाती घेतलेले अर्धवट सोडते.’ दोन परिच्छेदांनंतर स्वतःविषयी लिहिता, ‘आईची प्रकृती, घरातल्या जबाबदाऱ्या, कार्यालयातले वातावरण, सगळे असे जुळून आले की नाही म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते.’ पाहायला गेले तर दोघी बहिणींनी केले एकच, हातातली एक संधी सोडली. तिच्या सोडण्याचे कारण तुम्हाला तिच्या स्वभावात सापडले आणि तुमच्या सोडण्याचे कारण परिस्थितीत. बहिणीचे सत्य कळल्यानंतर लिहिलेल्या पत्रातही ही दोन वाक्ये तशीच राहिली आहेत, म्हणून ती दाखवून देणे मला आवश्यक वाटते.

हा दोष तुमचा एकटीचा नाही. १९७१ मध्ये एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच फरक मांडला होता. आपण स्वतः काही करतो तेव्हा आपली नजर समोरच्या परिस्थितीवर असते, त्यामुळे कारणेही तिथेच दिसतात. दुसरा काही करतो तेव्हा नजर त्याच्यावर खिळलेली असते आणि त्याच्याभोवतीची परिस्थिती धूसर राहते, म्हणून कारण त्याच्या स्वभावात आहे असे वाटते. ही मांडणी अनेक वर्षे जशीच्या तशी शिकवली गेली. पुढे २००६ मध्ये बर्ट्रम मॅले यांनी १७३ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सरसकट पाहता हा फरक जवळजवळ शून्य निघाला. मात्र वाईट गोष्टींच्या बाबतीत तो टिकून होता आणि चांगल्या गोष्टींच्या बाबतीत चक्क उलटा झाला होता. म्हणजे दुसऱ्याचे अपयश स्वभावाचे आणि आपले परिस्थितीचे, दुसऱ्याचे यश संधीचे आणि आपले कर्तृत्वाचे. मला हा दुरुस्त निष्कर्ष मूळ मांडणीपेक्षा अधिक उपयोगी वाटतो, कारण नेमके कधी सावध राहायचे ते त्यातून कळते. बहिणीने नोकरी सोडून दुसरीकडे मोठे पद मिळवले असते, तर ‘ती अशीच आहे’ हे वाक्य तुमच्या लेखणीतून उतरले असते का, याचा विचार करून पाहावा.

आता तुमच्या ख्यातीविषयी. तुमच्याकडे कोण येते, हे पत्रातूनच स्पष्ट आहे: ज्यांना बोलायचे असते ते येतात. ते बसतात, काय झाले ते सांगतात, तुम्ही लक्षपूर्वक ऐकता, मध्येच एखादा नेमका प्रश्न विचारता आणि मग जे कळले ते त्यांच्यापुढे नीट मांडता. हे कसब मोठे आहे आणि ते मी कमी लेखत नाही. परंतु त्यात कळण्याचा मोठा वाटा सांगणाऱ्याचा असतो. तुम्हाला कळतात ती सांगणारी माणसे. बहीण सांगायला आली नाही, आणि जी सांगत नाहीत अशा माणसांविषयी तुम्ही केवळ पाहून आडाखे बांधता, जसे बाकीचे सगळेच बांधतात. त्या आडाख्यांची शहानिशा कधी होत नाही. ‘तो तुमच्यावर जळतो’ असे तुम्ही एखाद्या सहकाऱ्याला सांगितलेत, तर तो काही त्या दुसऱ्याकडे जाऊन ‘तुम्ही माझ्यावर जळता का?’ असे विचारत नाही. सल्ला पटला, मन हलके झाले, ‘अगदी बरोबर ओळखलंत’ असे ऐकायला मिळाले, की अंदाज खरा ठरल्याची नोंद तुमच्या मनात होते, वास्तविक तपासलेले काहीच नसते.

माणसे एकमेकांची मने कितपत ओळखतात, याचे मोजमाप विल्यम इक्स यांनी एका साध्या रीतीने केले आहे. दोन व्यक्तींच्या गप्पांचे चित्रीकरण करायचे. नंतर प्रत्येकाने ते पाहून कोणत्या क्षणी आपल्या मनात काय आले ते लिहायचे, आणि दुसऱ्याने त्याच क्षणांपाशी थांबून त्याच्या मनात काय आले असेल याचा अंदाज करायचा. अनोळखी माणसांचे अंदाज साधारण पाचांतून एकदा जुळतात. घनिष्ठ मित्रांचे आणि जोडीदारांचे त्याहून अधिक, तरीही ३५ टक्क्यांच्या आसपासच. मनकवडेपणाचा आपला एकूण आवाका इतकाच आहे.

यावर नेहमी दिला जाणारा उपाय म्हणजे ‘स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहा’. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये पंचवीस प्रयोगांतून हा उपाय तपासला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून केलेले अंदाज अधिक अचूक निघाले नाहीत, एकंदरीत थोडे अधिक चुकलेच, आणि काही प्रयोगांत तर आपला अंदाज बरोबर आहे ही खात्री मात्र वाढलेली दिसली. अचूकता वाढवणारी गोष्ट एकच सापडली, ती म्हणजे त्या व्यक्तीशी बोलून विचारणे. तुमच्या बहिणीने हेच एका वाक्यात सांगितले आहे. जवळच्या माणसांच्या बाबतीत हे विचारणे सर्वांत आधी बंद पडते. केनेथ सॅव्हिट्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या प्रयोगांत असे आढळले, की आपले म्हणणे समोरच्याला कळले आहे असा समज माणसे अनोळखी व्यक्तीपेक्षा जोडीदाराच्या आणि मित्राच्या बाबतीत अधिक वाजवीपेक्षा जास्त बाळगतात. परक्याशी आपण जपून, फोड करून बोलतो. घरच्यांना मात्र ‘सगळे ठाऊकच आहे’ असे गृहीत धरतो, आणि त्यांचेही आपल्याला सगळे ठाऊक आहे असे धरून चालतो. बहीण सहा वर्षांची असताना चित्रकलेची वही अर्धवट टाकून खेळायला पळत असे, हे तुम्ही पत्रात लिहिले आहे. त्या वहीच्या आधारावर तुम्ही पस्तिशीतल्या बाईचा राजीनामा समजून घ्यायला निघाला होतात.

आता तुमच्याविषयी. रोजनिशीची जी दोन पाने तुम्ही पाठवलीत, त्यांत एकच प्रश्न आहे, ‘मी बढती का नाकारली?’, आणि उत्तरे वेगवेगळी आहेत. पहिल्या पानावर लिहिले आहे की तुम्हाला जबाबदारीची भीती वाटली. त्याच पानाच्या वरच्या भागात त्या दिवशी एक काम हातून राहून गेल्याची नोंद आहे. दुसऱ्या पानावर उत्तर असे आहे की वरच्या लोकांच्या राजकारणात तुम्हाला पडायचे नव्हते. त्या दिवशी दुपारी वरिष्ठांशी खटका उडाला होता. उत्तर तीन वर्षांपूर्वीच्या आठवणीतून येते आहे की आजच्या दिवसातून, हे तुम्हीच पानांवर बोट ठेवून पाहू शकता.

यात तुमची अप्रामाणिकता नाही. १९७७ मध्ये रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडून, यांतली सर्वांत चांगली कोणती, असे लोकांना विचारले. चारही जोड्या अगदी एकसारख्या होत्या. तरीही सर्वांत उजवीकडची जोडी ४० टक्के लोकांनी निवडली आणि सर्वांत डावीकडची १२ टक्क्यांनी. कारण विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, कारागिरी अशी कारणे दिली. जागेमुळे निवड झाली असेल का, असे विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते साफ नाकारले. ते खोटे बोलत नव्हते. आपल्या मनातून कारण वर येते आहे असेच त्यांना वाटत होते, पण माणसे मोजे कशावरून निवडतात याविषयीच्या सर्वसाधारण समजुतीतून त्यांनी ते रचले होते, जसे एखाद्या परक्यानेही रचले असते. आपल्याला काय वाटते आहे, दुखते आहे की नाही, भीती आहे की नाही, हे आपल्याला आतून कळते यात शंका नाही. आपण अमुक का केले, हे मात्र आपण पुष्कळदा बाहेरच्या माणसासारखेच ताडत असतो, आणि ते आतून येत असल्यामुळे त्यावर शंका घेत नाही.

म्हणून रोज रात्री ‘का’ विचारणे काही काळ थांबवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विल्सन यांच्याच १९९३ मधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना भिंतीवर लावण्यासाठी एक चित्र निवडून घरी न्यायला सांगितले होते. काहींना निवडण्यापूर्वी आवडीनिवडीची कारणे लिहायला लावली, बाकीच्यांना नाही. तीन आठवड्यांनी विचारले, तेव्हा कारणे लिहून निवडणारे आपल्या चित्रावर कमी खूश होते. शब्दांत सहज मांडता येणारी कारणे आणि प्रत्यक्ष आवड यांची गफलत झाली होती. रोजनिशी बंद करू नका, तिचा प्रश्न बदला. काय घडले, मी काय बोलले, त्या वेळी अंगात काय जाणवले, कोणते काम मी आधी केले आणि कोणते टाळले, एवढेच लिहा, शक्यतो त्याच दिवशी आणि शक्यतो विशेषणे टाळून. ‘मी’ऐवजी स्वतःचे नाव घालून, तिसऱ्याच कोणाविषयी लिहावे तसे काही दिवस लिहून पाहण्यासही हरकत नाही, ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले आहे की स्वतःशी असे नावाने बोलल्यास मनस्ताप कमी होतो आणि माणूस तेच तेच उगाळत बसत नाही. दोन-तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्यात, की तुम्ही कशापासून दूर जाता आणि कशाकडे पुन्हा पुन्हा वळता, हे काही प्रमाणात दिसू लागेल. बढतीचे ‘खरे’ कारण कदाचित तरीही हाती लागणार नाही. एकच खरे कारण असलेच पाहिजे असा आग्रह कशाला? पत्रात आणि रोजनिशीत मिळून तुम्ही पाच कारणे दिली आहेत आणि पाचही थोडीथोडी खरी असू शकतात. स्वतःला पाच कारणे देणाऱ्या बाईने बहिणीला एकच द्यावे, यावर मात्र मी अधिक विचार केला असता.

स्वतःविषयीच्या काही गोष्टी रोजनिशीत कितीही शोधल्या तरी सापडत नाहीत, कारण त्या दुसऱ्यांच्या नजरेसमोर घडतात. सिमीन वझीर यांच्या २०१० मधल्या अभ्यासात असे दिसले, की चिंता किंवा आत्मविश्वासाचा अभाव यांसारख्या आतल्या गोष्टी ज्याच्या त्याला अधिक बरोबर ठाऊक असतात. बुद्धी किंवा कल्पकता यांसारख्या, ज्यांवर आपला मोठेपणा अवलंबून वाटतो अशा गोष्टी मित्र अधिक बरोबर ओळखतात. बोलकेपणा दोघांनाही सारखाच दिसतो. तेव्हा ‘मी कशी आहे?’ असे कोणालाही विचारू नका. त्यावर फक्त गोड उत्तरे मिळतील. विचारायचे तर ठरावीक प्रसंगाविषयी विचारा: ‘परवाच्या बैठकीत मी कोणाचे बोलणे मध्येच तोडले का?’ ‘ते पद मला देऊ केले तेव्हाच्या आठवड्यात मी तुला कशी दिसत होते?’ आणि हे हाताखालच्या माणसांना मुळीच विचारू नका. वरिष्ठाला खरे सांगण्याची किंमत त्यांना मोजावी लागू शकते, हे तुमच्या बहिणीच्या अनुभवानंतर मी वेगळे सांगायला नको. बरोबरीचा एखादा जुना सहकारी यासाठी पुरे आहे.

दुसरा प्रश्न, आधी स्वतःला आणि मग दुसऱ्यांना, हा क्रम मला पटत नाही, आणि याचे कारण बालपणात शोधता येते. ॲलिसन गॉप्निक आणि जॅनेट ॲस्टिंग्टन यांनी १९८८ मध्ये लहान मुलांना गोळ्यांची डबी दाखवून तिच्यात काय असेल असे विचारले. मुले म्हणाली, गोळ्या. डबी उघडली तर आत पेन्सिली. डबी पुन्हा बंद करून दोन प्रश्न विचारले: ज्याने ही उघडलेली पाहिली नाही अशा दुसऱ्या मुलाला आत काय आहे असे वाटेल? आणि उघडण्यापूर्वी तुला काय वाटले होते? तीन वर्षांची बहुतेक मुले पहिल्या प्रश्नाला ‘पेन्सिली’ म्हणतात, यात नवल नाही. दुसऱ्याची चुकीची समजूत त्यांना अजून कल्पिता येत नाही. नवल दुसऱ्या उत्तराचे आहे. त्यालाही ती ‘पेन्सिली’ असेच म्हणतात. काही क्षणांपूर्वी स्वतःच मोठ्याने म्हटलेले ‘गोळ्या’ त्यांना स्वतःचे म्हणून सापडत नाही. पुढे चार-पाच वर्षांच्या सुमारास दुसऱ्याची समजूत चुकीची असू शकते हे कळू लागते, आणि साधारण त्याच काळात आपलीही समजूत चुकीची होती हे आठवू लागते. मने अशी असतात, ती चुकतात, बदलतात, हे ज्ञान स्वतःपुरते आधी आणि जगासाठी नंतर असे येत नाही, दोन्हीकडे बरोबरच येते. स्वतःला पूर्ण ओळखेपर्यंत बहिणीला थांबवून ठेवण्याचे म्हणूनच काही कारण नाही, आणि तुम्ही तशी वाट पाहत आहात असा मला संशय आहे.

बहिणीशी बोलताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. आधी क्षमा मागा, आणि तिच्यात ‘मला वाटलं की’ने सुरू होणारे एकही वाक्य येऊ देऊ नका. मग विचारा, ‘त्या आठ महिन्यांत काय काय झालं?’ आणि गप्प बसा. ‘तुला कसं वाटलं असेल ते मी समजू शकते’ हे वाक्य तुमच्या ओठांवर येईल, ते गिळा. ते ऐकले की सांगणारा पुष्कळदा थांबतो, कारण ज्याला कळले आहे त्याला पुढे काय सांगायचे? तिचे झाल्यावर तुम्हाला कळले ते तिला सांगा, आणि ते बरोबर आहे का असे विचारा. ती ‘नाही, तसं नाही’ म्हणाली तर संभाषण चांगले चालले आहे असे समजा. बढतीची तुमची हकीकत त्याच दिवशी काढू नका. तिला आज काही सांगायचेच नसेल तर तोही तिचा हक्क आहे. विचारून ठेवा आणि विषय सोडा. याखेरीज एक काम असे आहे ज्याचा पत्रात उल्लेखही नाही. ‘तिच्यात चिकाटी नाही’ हे तुम्ही घरातल्यांसमोर म्हणाला होतात, तेव्हा ते चुकीचे होते हेही घरातल्यांसमोरच सांगायला हवे. तिचे कारण मात्र तुम्ही त्यांना सांगू नका, ते तिचे आहे.

राहिला सल्ल्याचा प्रश्न. थांबवू नका. ज्यांना तुमच्यापाशी बोलून मार्ग सापडतो, त्यांना दार बंद करून तुम्हाला स्वतःविषयी नवे काही कळणार नाही. एकच बंधन घालून घ्या: जो समोर बसलेला नाही त्याच्या मनात काय आहे, हे सांगायचे नाही. ‘ते माझ्याशी असं का वागतात?’ असे कोणी विचारले, तर तुम्ही स्वतः काय पाहिलेत आणि काय ऐकलेत एवढेच सांगा, आणि कारण त्या व्यक्तीलाच कसे विचारता येईल यासाठी समोरच्याला मदत करा, अगदी वाक्येसुद्धा बसवून द्या. सुरुवातीला काहींना तुमचा सल्ला पूर्वीइतका चमकदार वाटणार नाही आणि कदाचित तुमच्याकडे येणाऱ्यांची संख्याही थोडी घटेल. ती घटली तर घटू द्या.